हातमोजा

शारजाच्या प्रदर्शनात मला एक बाजार उभा करायचा होता,
आठशे वर्षांपूर्वीचा, जर्मन मुलखातला.
प्लायवूड, फोम, चार पिंपं रंग.
चर्चच्या भिंतीत ठोकलेला लोखंडी गज,
कापड त्यावरच मोजायचं, बाकी सगळे गज खोटे.
मिठाच्या गोण्या. खारवलेले हेरिंग.
हेरिंग मी कधी पाहिला नाही,
बांगडेच रंगवले. कुणाला कळलं नाही.

मधोमध क्रूस, आणि क्रुसावर हातमोजा.
हिल्ड्रूनबाई म्हणाल्या, राजा स्वतः येत नसे,
हातमोजा पाठवी.
तो लटकतोय तोवर बाजार राजाचा.
तलवार उपसायची नाही, मापात मारायचं नाही,
परका माणूस, कुठल्याही वाटेनं आलेला,
वेशीच्या आत परका नाही,
आणि बाजार उठेपर्यंत सावकारानं
देणेकऱ्याला बोट लावायचं नाही.

मी म्हटलं, आमच्यात ह्याला कौल म्हणत.
पेठ वसवायची तर आधी कौल हवा:
या, राहा, उदीम करा, इतकी वर्षं जकात माफ.
देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, तोही कौल,
उजवी पडली तर हो.
आणि सावंतवाडीत घरावर असतं, तेही कौल.
बाई वहीत लिहीत होत्या.
तिघांतलं कुठलं लिहिलं, विचारलं नाही.

मोजा मीच शिवला.
रोल्यातून आणलेलं बकऱ्याचं कातडं,
मनगटाला पितळी खिळे.
कात्री उजव्या हातात, म्हणून माप डाव्याचं घेतलं.
बाई बराच वेळ बघत राहिल्या.
सुंदर आहे, म्हणाल्या,
पण राजा डावा हात देत नाही.
रात्री बसून दुसरा शिवला.
डावा माझ्या पिशवीत, डब्याशेजारी.

सजाच्या कॅम्पामागं शुक्रवारी बाजार भरतो.
भरतो म्हणजे नमाजानंतर वाळूवर चादरी पडतात.
पोसन्नाचे चार्जर,
मोतालेबच्या मिरच्या, एसीच्या पाण्यावर वाढवलेल्या,
झरवलीची जुनी जाकिटं, ज्यांच्या खिशात
कधी कधी दुसऱ्याच देशाचं नाणं निघतं.
एक जण दिव्याच्या खांबाखाली केस कापतो.
लुंगीचं कापड घेताना गिऱ्हाईक झरवलीला हाक मारतं,
त्याचा हात लांब आहे.
पोसन्नाच्या हातानं कुणी मोजू देत नाही.

त्या शुक्रवारी मी मोजा खांबाच्या तारेला बांधला.
पोसन्ना म्हणाला, काय हे, दृष्टीचं?
राजाचं.
कुठल्या?
मला नाव येत नव्हतं.

मग पांढरी गाडी आली.
बाजार कसा उठतो ते बघण्यासारखं असतं:
चार कोपरे, एक गाठ, खांद्यावर.
ज्याचं डोकं अर्धंच कापलं होतं
तोही पळाला, अर्ध्याच डोक्यानं.
नगरपालिकेचा पोरगा उतरला. कोवळा, मिशीही धड नाही.
रिकाम्या वाळूवर केसांचा एक ढीग
आणि वर मोजा, वाऱ्यानं हलणारा.
त्यानं तार सोडली. पितळी खिळ्यांवरून अंगठा फिरवला.
कुणाचा तरी हरवलाय, म्हणाला, अरबीत, स्वतःशीच,
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा
कुंपणाच्या सळईवर उभा खोचला,
पाची बोटं वर.

गाडी वळायच्या आत मोतालेबनं मिरच्या मांडल्या.
पाव किलोला एक दिरहम जास्त.
मी मोज्याकडं बोट दाखवलं, मापात मारू नकोस.
मापात नाही, म्हणाला तो, भावात मारतोय.